चाकांची पारख

बैलगाडीच्या चाकाला आपल्या भाषेने केवढी शब्दसंपत्ती दिली! तुंबा, आरे, आस; आणि लोहाराने लालभडक तापवून वर चढवावयाची ती धाव. मोटारीचे चाक मात्र मराठीत पोरकेच राहिले. ‘अलॉय व्हील’, ‘पीसीडी’, ‘ऑफसेट’ हे शब्द आम्ही पंचावन्नाव्या वर्षी शिकलो, ते चिरंजीवांच्या हौसेपायी.

चिरंजीव खंडव्यास नोकरीला. दर शनिवारी भेरूघाट चढून ते इंदूरला आमच्याकडे येतात. सूनबाई आणि चार वर्षांची नात सोबत असतात. गाडीची लोखंडी चाके काढून १७ इंची, मिश्रधातूची चकचकीत चाके घालावयाचा त्यांचा बेत होता. एका दुकानदाराने नामांकित चाकांची हुबेहूब नक्कल निम्म्या किमतीत देऊ केली होती. “बाबा, दिसायला तर अगदी तीच आहेत,” चिरंजीव म्हणाले. दिसण्याविषयी आमचा वाद नव्हताच. घाटात नातीचा भार दिसण्यावर राहणार नाही, एवढेच आमचे म्हणणे.

मग आम्ही दोघांनी चाक उलटे करून पाहावयास आरंभ केला. वाचकहो, चाकाची खरी ओळख त्याच्या पाठीवर असते. तेथे व्यास, रुंदी, ऑफसेट आणि ते किती किलो भार पेलील हे कोरलेले असावे. मागल्या आसावर माणसे व सामान धरून समजा ७५० किलो भार येत असेल, तर प्रत्येक चाकाची क्षमता निदान ३७५ किलो हवी. आपल्याकडे मोटारींच्या चाकांसाठी आयएस १६१९२ हे मानक आहे. ‘जेडब्ल्यूएल’ हे जपानी मानकाचे चिन्ह. त्यामागे वाकवून फिरविण्याची, भार देऊन पळविण्याची आणि आघाताची अशा कसोट्या असतात. अर्थात साच्यात चार अक्षरे कोरणे कोणासही अवघड नाही. म्हणून कर्त्याचे नाव आणि पक्की पावती यांवाचून त्या अक्षरांना किंमत नाही. आम्ही पाहिलेल्या नकलेच्या पाठीवर भाराचा आकडाच नव्हता. विचारता दुकानदार हसले आणि त्यांनी चहा मागविला.

भाराइतकेच महत्त्व मापाला. चार बोल्टांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी. तो १०० मिलिमीटर असेल तर १०० च हवा, ‘जरासे ओढून बसते’ हे चालावयाचे नाही. मधले भोक मोठे असेल तर योग्य मापाची कडी घालावी. नाहीतर चाक नेमके मध्यावर बसत नाही आणि वेगात सुकाणू थरथरते. ऑफसेट चुकला तर टायर आत घासतो किंवा बाहेर डोकावतो. नटांची बैठकही पाहावी: कोठे ती शंकूसारखी असते, कोठे गोलाकार. जुने नट नव्या चाकाला चालतीलच असे नाही, आणि सुट्टे चाक लोखंडी राहिले तर त्याचे नट डिकीत ठेवावे लागतात.

व्यासाचा हिशेब आम्ही फळ्यावर मांडावा तसा मांडला. १८५/६५ आर १५ या टायरची पूर्ण उंची ६२१.५ मिलिमीटर, १९५/५५ आर १६ ची ६२०.९. म्हणजे एक इंच वाढवूनही गाडीची उंची आणि वेगदर्शकाचा आकडा जवळजवळ तसाच राहतो. पण रबराची बाजू १२० वरून १०७ मिलिमीटरवर येते. १७ इंचांत ती आणखी आखूड होणार आणि खड्ड्याचा दणका थेट धातूवर. लोखंडी चाक अशा वेळी बहुधा वाकते. मिश्रधातूचे तडकूही शकते. तडकलेले चाक झाळून, रंग देऊन विकणारे आहेत. असले जुने चाक फुकट मिळाले तरी घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अखेर १५ इंची, साध्या आऱ्यांची, भाराचा आकडा असलेली चाके ठरली. किंमत नकलेच्या पाऊणपट अधिक. वरचे पैसे आम्ही दिले. नट आडवे-तिरपे आवळून घेतले आणि शंभरेक किलोमीटरनंतर, खंडव्यास पोचल्यावर, पुन्हा तपासावयास सांगितले. रविवारी रात्री चिरंजीवांचा फोन आला: एक नट किंचित ढिला निघाला, आवळला. नात मात्र रुसली आहे. तिला चांदणीच्या आकाराची चाके हवी होती.