रंकाळ्याकाठी भविष्यकाळ

कोल्हापूर हे वर्तमानकाळाचे गाव आहे. कुणालाही विचारा, ‘‘उद्या येशील काय?’’ उत्तर मिळते, ‘‘येतो की!’’ वायदा उद्याचा, पण क्रियापद आजचे. अशा गावी गेल्या उन्हाळ्यात मी आठ दिवस मुक्कामाला होतो आणि तेथे, ध्यानीमनी नसताना, स्पॅनिश भाषेचा भविष्यकाळ माझ्या कानी पडला.

माझी भाची पुढच्या शिक्षणासाठी दोन वर्षे माद्रिदला जाणार आहे. संध्याकाळी आम्ही रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसलो की ती पाण्याकडे पाहत पाठ करी : आब्लारे, आब्लारास, आब्लारा, आब्लारेमोस, आब्लारेइस, आब्लारान. म्हणजे बोलेन, बोलशील, बोलेल, बोलू, बोलाल, बोलतील. ‘आब्लार’ हे मूळ क्रियापद. त्याला काही तोडायचे नाही, मोडायचे नाही. पुढे फक्त सहा शेपट्या जोडायच्या. इतर काळांत ‘आर’, ‘एर’ आणि ‘इर’ अशा तीन घराण्यांचे रिवाज वेगळे. येथे मात्र तिन्हींना त्याच शेपट्या.

या शेपट्या आल्या कोठून? जुन्या लॅटिनमध्ये मूळ क्रियापदापुढे ‘माझ्याकडे आहे’ अशा अर्थाचा शब्द ठेवीत. तो झिजत झिजत क्रियापदाला चिकटला आणि ‘मला बोलायचे आहे’चे ‘मी बोलेन’ झाले. माणसाचा भविष्यकाळ कर्तव्यातून निघाला, हे ऐकून आमच्या वडीलधाऱ्यांना फार बरे वाटले असते!

आपल्या मराठीशी या भाषेचे भलतेच जुळते. ‘बोलेन’ म्हटले की ‘मी’ वेगळा सांगावा लागत नाही, स्पॅनिशचेही तसेच. ‘बाबा घरी असेल’ यात जसा भविष्यकाळ नसून अंदाज असतो, तसा त्यांच्या ‘एस्तारा’तही असतो. हिंदीत ‘बोलूँगा’ आणि ‘बोलूँगी’ वेगळे. मराठीत आणि स्पॅनिशमध्ये पुरुष बोलो की बाई, रूप एकच. कोल्हापूरच्या कित्येक घरांतल्या मुली-बाया तर वर्तमानकाळात आणि भूतकाळातही ‘मी जातो’, ‘मी आलो’ असेच बोलतात. पुण्याची पाहुणी दचकते. पण भविष्यकाळात कोल्हापूरकरीण आणि पुणेकरीण दोघी ‘जाईन’च म्हणतात. तेथे भांडण मिटते.

या गावाला स्पॅनिश मुलूख तसा परका नाही. येथल्या तालमींनी कुस्तीबरोबर फुटबॉलही पोसला. विश्वचषकाच्या दिवसांत पेठापेठांतून आर्जेन्टिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात. १८ डिसेंबर २०२२ रोजी आर्जेन्टिनाने फ्रान्सला पेनल्टीवर ४-२ असे हरवले, तेव्हा आपलीच तालीम जिंकल्यासारखे नाचणारे येथे पुष्कळ होते. आर्जेन्टिनाची भाषा स्पॅनिशच. मात्र तेथे ‘आब्लारेइस’ कुणी म्हणत नाही. ‘तुम्ही बोलाल’ आणि ‘ते बोलतील’ दोन्हींना ‘आब्लारान’. सहांतले एक रूप पाठ करायचे वाचते.

बिनशिस्त क्रियापदे थोडी, डझनभरच. त्यांतच नेमके ‘येणे’ बसले आहे. ‘मी येईन’ याला ‘बेन्द्रे’ म्हणतात. भाचीने घरी ते मोठ्याने म्हटले, तेव्हा आजी माजघरातून म्हणाली, ‘‘कुठले गं बेंद्रे?’’ सारे घर हसले.

आजीला मात्र हसण्यात रस नव्हता. तिची ऐंशी उलटलेली. तिने भाचीला जवळ बसवून घेतले आणि विचारले, ‘‘मग, परत येईन, याला काय म्हणतात?’’

‘‘बोल्बेरे.’’

‘‘तेही असेच वाकडे चालते काय?’’

भाचीने वही उघडून दाखवली. ‘परत येणे’ हे क्रियापद वर्तमानकाळात मधल्यामध्ये वळण घेते : बोल्बेर, पण मी परत येतो ते ‘बुएल्बो’. भविष्यकाळात तेच अगदी सरळ. मूळ शब्द जसाच्या तसा, पुढे शेपटी, बस्स.

आजीला अक्षरे कळली नाहीत, पण मुद्दा कळला. निघायच्या आदल्या दिवशी ती भाचीला घेऊन अंबाबाईच्या देवळात गेली. परतताना भाची म्हणाली, ‘‘आजी, दोन वर्षे म्हणजे काय? आलोच की मी!’’

‘‘ते इथले झाले,’’ आजी म्हणाली. ‘‘ते तिकडचे म्हण.’’

महाद्वारातल्या गर्दीत भाचीने तो शब्द म्हटला. आजीने तो दोनदा म्हणवून घेतला.