रोम नगरींतील नाताळाचें मूळ

मराठींत आपण ज्या सणाला नाताळ म्हणतों, त्याचें नांव आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आलें. त्यांच्या भाषेंतील शब्द 'नाताल', आणि त्याच्याहि मागें लॅटिनमधील 'नातालिस', म्हणजे जन्मदिवस. जन्म कोणाचा, हें शब्दांत कोठेंच सांगितलेलें नाहीं. आज विचारल्यास शाळेंतला मुलगाहि ख्रिस्ताचा म्हणून सांगेल. परंतु रोम येथील एका जुन्या पंचांगांत हाच शब्द, याच तारखेपुढें, एका निराळ्याच देवतेच्या नांवाबरोबर लिहिलेला सांपडतो. त्या देवतेच्या खुणा शोधीत त्या नगरींत मी कांहीं दिवस हिंडलों. जें दिसलें व त्यावरून जें वाटलें, तें येथें वाचकांपुढें ठेवतों.

डिसेंबरचा तिसरा आठवडा चालू होता. बर्फ वगैरे कांहीं नव्हतें; ढगाळ आकाश, मधूनमधून भुरभुर पाऊस, आणि रस्त्याकडेच्या झाडांवर पिकलेलीं नारिंगें. पिआत्सा नावोना नांवाच्या लांबट चौकांत बाजार भरला होता, आणि ख्रिस्तजन्माच्या देखाव्यासाठीं लागणारीं मातीचीं चित्रें, म्हणजे गाय, गाढव, मेंढपाळ, पाळण्यांतलें मूल, विक्रीस मांडलेलीं होतीं. दिवाळींत किल्ल्यावर मांडण्यासाठीं आपलीं मुलें जशीं चित्रें निवडतात, तशींच तेथील मुलें आईचा हात ओढीत निवडीत होतीं. हा देखावा मांडण्याची चाल संत फ्रान्सिस यानें १२२३ सालीं ग्रेच्चो या खेड्यांत जो जिवंत देखावा केला, त्यापासून रूढ झाली असें मानतात. डिसेंबर महिन्यांत मातीच्या बाहुल्या विकत घेण्याची चाल मात्र रोमला त्याहून हजार-बाराशें वर्षें तरी जुनी आहे.

त्यासाठीं फोरममध्यें जावें लागतें. कॅपिटोलीन टेकडीच्या पायथ्याशीं जुन्या रोमचा हा मुख्य चौक. त्याच्या एका टोकाला आठ उंच खांब उभे आहेत. सहा समोर आणि दोन बाजूंना. वरच्या शिळेवर, आगींत जळालेलें हें देऊळ रोमच्या सभेनें व लोकांनीं पुन्हां उभारलें, अशा आशयाचीं अक्षरें आहेत. हें सॅटर्नचें देऊळ. त्याची मूळ प्रतिष्ठापना परंपरेनें इ. स. पूर्व ४९७ मधील मानतात. राज्याचा खजिनाहि येथेंच ठेवीत.

सॅटर्न हा पेरणीचा देव, आणि रोमन पुराणाप्रमाणें एका सुवर्णयुगाचा राजा. त्याच्या राज्यांत कोणी धनी नव्हता, कोणी दास नव्हता, भूमि न मागतां पिकत असे. पुढें ज्यूपिटरनें त्याला पदच्युत केलें. येथें वाचकांस बळीराजाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. १७ डिसेंबरला त्याचा उत्सव सुरू होई. वर्षभर त्याच्या मूर्तीचे पाय लोकरीच्या बंधनानें बांधलेले असत, ते त्या दिवसांत सोडीत. शाळा बंद, न्यायालयें बंद. नागरिक आपला टोगा खुंटीला ठेवून साधीं वस्त्रें नेसत. गुलाम धन्याच्या पंक्तीला जेवत, आणि कांहीं घरीं धनीच वाढावयास उभा राही. एरवीं निषिद्ध असलेले फांसे उघड उघड पडत, आपल्या द्यूतप्रतिपदेसारखे. आणि लोक एकमेकांस मेणबत्त्या व मातीच्या बाहुल्या भेट देत. उत्सव एका दिवसाचा होता तो वाढत वाढत सात दिवसांवर गेला. ऑगस्टस बादशहानें तो कमी करून पाहिला, पण लोकांच्या उत्साहापुढें बादशहाचेंहि फारसें चाललें नाहीं.

एवढें वाचून कोणीहि म्हणेल कीं हाच नाताळ. दिवे, भेटी, मेजवान्या, सुटी, सारें जुळतें. माझेंहि मत असें आहे कीं सणाचें अंग पुष्कळसें येथलें आहे. परंतु तारीख येथली नाहीं. सॅटर्नचा उत्सव २३ डिसेंबरच्या सुमारास आटोपत असे. २५ चा हिशेब निराळ्या देवळांत शोधावा लागतो.

तें देऊळ आज दिसत नाहीं. पाल्मीरा जिंकून आलेल्या ऑरेलियन बादशहानें इ. स. २७४ मध्यें 'अजिंक्य सूर्या'चें भव्य मंदिर रोममध्यें बांधलें. आतां त्या जागेवर नित्याची रहदारी आहे. सूर्याला पाहावयाचेंच असेल तर कोलोसियमजवळच्या कॉन्स्टंटाईनच्या कमानीपाशीं जावें. कमानीच्या पूर्वेकडील अंगावर रथांतून वर येणारा सूर्य कोरलेला आहे, पश्चिमेकडे मावळती चंद्रदेवता. ज्या बादशहानें ख्रिस्ती धर्माला राजाश्रय दिला, त्याच्याच विजयाची ही कमान. आणि ३२१ मध्यें आठवड्याची सुटी ठरवितांना त्यानेंच त्या दिवसाला कायद्यांत 'सूर्याचा दिवस' म्हटलें आहे.

आतां २५ च कां? ज्यूलियस सीझरच्या पंचांगांत दक्षिणायन संपून सूर्य उत्तरेकडे वळण्याचा दिवस म्हणून २५ डिसेंबर धरला होता. त्या पंचांगांतील वर्ष सुमारें ११ मिनिटांनीं मोठें असल्यामुळें दर १२८ वर्षांस एक दिवस याप्रमाणें खरें उत्तरायण तारखेच्या मागें पडत गेलें, पण लोकांच्या मनांतली तारीख हलली नाहीं. आपली मकरसंक्रांत याच्या उलट पुढें सरकली आहे, कारण आपण नक्षत्रांवरून मोजतों. १९५५ मध्यें मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांगसुधारणा समितीनें जे अयनांश स्वीकारले, त्यांप्रमाणें इ. स. २८५ च्या सुमारास संक्रांत आणि उत्तरायण एकाच वेळीं पडत होतीं. म्हणजे ऑरेलियन आपलें मंदिर बांधीत होता त्या काळीं दोन्हीं देशांतील लोक सूर्याचें वळणें जवळजवळ एकाच दिवशीं पाहत होते. आज एकाच्या संक्रांतींत आणि उत्तरायणांत चोवीस दिवसांचें अंतर, तर दुसऱ्याच्या सणांत आणि उत्तरायणांत तीन-चार. असो.

कोलोसियमहून थोडें चाललें कीं सान क्लेमेंतेचें चर्च लागतें. ज्याला रोमला एकच ठिकाण पाहण्याइतका वेळ असेल त्यानें हें पाहावें, असें मी म्हणेन. रस्त्यावरून आंत गेल्यावर दिसतें तें बाराव्या शतकांतील चर्च. सोन्याच्या तुकड्यांचा सुंदर जडाव, क्रूसाभोंवतीं पसरलेली द्राक्षवेल. १८५७ मध्यें फादर म्यूलूली या आयरिश धर्मगुरूनें खालीं खणावयास प्रारंभ केला, आणि त्याच्या खालीं चौथ्या शतकांतील सबंध चर्च निघालें. त्याच्याहि खालीं पहिल्या शतकांतील घरें, त्यांच्यामधून जाणारी अरुंद वाट, आणि एका घरांत मिथ्रास देवाची गुहा. जिन्याच्या प्रत्येक वळणाला हवा ओलसर होत जाते. अगदीं तळाशीं गेलें कीं भिंतीपलीकडून वाहत्या पाण्याचा आवाज ऐकूं येतो. ठेंगणी, कमानदार, गुहेसारखी खोली. दोन्हीं बाजूंना बसून भोजन करण्याचे दगडी ओटे. मध्यें वेदी, आणि तिच्यावर बैलाचा वध करणारा तरुण देव.

मिथ्रास हें नांव ऐकून संस्कृत शिकलेल्या माणसाचे कान उभे राहतात. ऋग्वेदांतला मित्र, अवेस्त्यांतला मिथ्र, आणि बोगाझकोई येथें सांपडलेल्या इ. स. पूर्व चौदाव्या शतकांतील तहांत वरुण, इंद्र व नासत्य यांच्यासह साक्षीला बोलावलेला मित्र, हें सर्व एकाच कुळांतलें नांव. परंतु नांव एक म्हणून देवहि एकच, असें म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं. रोमच्या शिपायांनीं पूजिलेल्या या देवाचें चरित्र बरेंच निराळें आहे. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मिथ्रासचा जन्म २५ डिसेंबरचा, आणि ख्रिस्ती लोकांनीं तोच उचलला, असें अनेक लोकप्रिय पुस्तकांत छापलेलें असतें. त्याला प्राचीन लेखांत आधार नाहीं. मिथ्रास खडकांतून जन्मास आला असें शिल्पांत दाखवितात. तिथि कोठें दिलेली नाहीं.

आधार आहे तो आरंभीं उल्लेखिलेल्या पंचांगाचा. इ. स. ३५४ मध्यें फिलोकॅलस नांवाच्या सुलेखनकारानें एका श्रीमंत ख्रिस्ती गृहस्थासाठीं तें सजवून दिलें. मूळ पोथी गेली, नकला उरल्या. त्यांतील नागरी पंचांगांत २५ डिसेंबरपुढें 'अजिंक्याचा नातालिस' असें लिहून त्याप्रीत्यर्थ तीस रथशर्यतींची नोंद आहे. त्याच पोथींत पुढें हुतात्म्यांच्या पुण्यतिथींची यादी आहे, आणि तिच्या आरंभीं त्याच तारखेला यहूदियांतील बेथलेहेम येथें ख्रिस्त जन्मल्याचें लिहिलें आहे. ही यादी ३३६ च्या सुमाराची मानतात. एका ख्रिस्ती घरांत, एकाच पोथींत, एकाच दिवशीं दोन जन्मदिवस!

यावरून सरळ निष्कर्ष निघतो कीं धर्मगुरूंनीं सूर्याचा दिवस ख्रिस्ताला दिला. बाराव्या शतकांतील एका सिरियन ग्रंथाच्या समासांत कोणीतरी तसें स्वच्छ लिहूनहि ठेवलें आहे. परंतु दुसरी बाजू दुर्बळ नाहीं. १८८९ मध्यें द्यूशेन या फ्रेंच पंडितानें दाखविलें कीं ख्रिस्ताला सुळावर दिलें तो दिवस पश्चिमेकडे २५ मार्च मानीत. गर्भसंभवहि त्याच दिवशीं झाला असें धरून नऊ महिने मोजलें कीं २५ डिसेंबरच येतो. पूर्वेकडे ६ एप्रिल धरीत, आणि तेथें ६ जानेवारी हा दिवस आला. हें गणित जुळतें हें नाकारतां येत नाहीं. शिवाय सूर्याचा तो उत्सव त्याच तारखेला ३५४ च्या पूर्वीं होत असल्याचा लेखी पुरावा मिळत नाहीं. कोणीं कोणाचें घेतलें, याचा निकाल म्हणूनच लागलेला नाहीं. माझ्या मतें तारीख गणितानें निघाली असेल. ती लोकांना इतकी गोड लागली ती सूर्यामुळें.

तेव्हां 'त्यांचा सण चोरीचा' असें जें आपल्याकडे कांहीं सुशिक्षित मंडळी मोठ्या चवीनें सांगतात, तें मला पटत नाहीं. गंमत ही कीं हा आरोप प्रथम मोठ्यानें केला तो कडव्या ख्रिस्ती लोकांनींच. १६४७ मध्यें इंग्लंडच्या पार्लमेंटानें नाताळ रद्द केला. अमेरिकेंत मॅसाच्युसेट्स येथें १६५९ पासून १६८१ पर्यंत तो पाळणाऱ्यास पांच शिलिंग दंड होता. सण मूर्तिपूजकांचा आहे, हीच त्यांची मुख्य तक्रार.

शेवटच्या दिवशीं मी सेंट पीटरच्या चर्चला गेलों. त्याच्या तळाशीं १९४० ते १९४९ या काळांत झालेल्या उत्खननांत जुनें स्मशान सांपडलें. त्यांतील एका लहानशा दफनगृहाच्या छतावर पिवळ्या पार्श्वभूमीवर द्राक्षवेल, पांढरे घोडे जोडलेला रथ, आणि रथांत डोक्याभोंवतीं किरण असलेला, हातीं गोल धरलेला पुरुष आहे. नुसतें छत पाहिलें तर तो सूर्यच. पण भिंतींवर माशानें गिळलेला योना, गळ टाकणारा कोळी आणि मेंढपाळ आहेत, म्हणून हा ख्रिस्त, असें बहुतेक पंडित मानतात.

पांचव्या शतकांत लिओ नांवाचा पोप होऊन गेला (४४० ते ४६१). नाताळच्या एका प्रवचनांत तो भाविकांना रागें भरतो. हे लोक पायऱ्या चढून सेंट पीटरच्या देवळाशीं येतात, आणि आंत पाऊल ठेवण्यापूर्वीं मागें वळून उगवत्या सूर्याला वांकून नमस्कार करतात! कांहींजण तेजाला नव्हे तर तेजाच्या निर्मात्याला वंदन करीत असतील, हेंहि तो मान्य करतो. तरी हा प्रकार बंद करा, असें बजावतो. लिओच्या वेळचें तें चर्च आतां नाहीं. हल्लींचें सोळाव्या-सतराव्या शतकांत बांधलें, पायऱ्याहि नव्या आहेत. दरवाजा मात्र अजून पूर्वेकडेच आहे.