भिलाईच्या घरातील अरुंद बोळ

नागपूरहून रायपूरकडे जाणारी गाडी दुर्ग सोडून पुढे निघाली की थोड्याच वेळात भिलाई येते. पोलादाचे हे नगर वयाने लहान आहे. भारत व सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. भाताची खाचरे आणि ‘भाटा’ नावाची तांबडी, खडेरी जमीन यांच्यामध्ये हे नगर वसले. सेक्टर, रस्ता, क्वार्टर, सारे आकड्यांनी ओळखावयाचे. देशाच्या कानाकोपऱ्यांतून कुटुंबे आली. विदर्भातील मंडळींना तर हा मुलूख परका नव्हताच. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा ज्या प्रांतात मोडत असे, त्याची राजधानी नागपूरच होती.

कारखान्यातील भट्ट्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तेथे १३० मीटर लांबीचा अखंड रूळ तयार होतो, हेही अनेकांनी वाचले असेल. तो तयार करणारा माणूस घरी परतल्यावर दाराच्या आत पहिले पाऊल कोठे टाकतो, इकडे मात्र फारसे कोणी पाहिलेले नाही.

आपल्या जुन्या वाड्याला देवडी असे, कौलारू घराला ओसरी असे. छत्तीसगढी घराला परछी असते. आल्यागेल्याने तेथे टेकावे, वहाणा काढाव्यात, तांब्याभर पाणी प्यावे. लहान क्वार्टरमध्ये ही सारी कामे दारालगतच्या तीन-साडेतीन फूट रुंदीच्या बोळावर येऊन पडतात. त्यातच सायकल येते, स्कूटरवाल्याचे शिरस्त्राण येते, मुलांची दप्तरे येतात. थोड्याच दिवसांत त्या बोळाची अडगळ होते.

इतर गावी ही गैरसोय म्हणून सोडून देता येईल. भिलाईत तसे चालत नाही, कारण येथील घर तीन पाळ्यांवर चालते. एक पाळी सकाळी ६ वाजता सुरू होते, दुसरी दुपारी २ ला आणि तिसरी रात्री १० ला. रात्रपाळीचा माणूस सकाळी येऊन निजतो, तेव्हा मुलांची शाळेची धांदल चाललेली असते. दुसऱ्या पाळीचा घरी येतो, तेव्हा मुले झोपलेली असतात. त्याला अंधारात सायकलच्या पायटाची ठेच लागली, तर सारे घर जागे होते. दिवसा झोप मोडलेला माणूस रात्री तापलेल्या पोलादाजवळ उभा राहणार, हे गृहिणीला सांगावे लागत नाही.

तेव्हा पहिला विचार जमिनीचा करावा. दार उघडताना जेवढी जागा व्यापते, तेवढी संपूर्ण मोकळी हवी. उरलेल्या लांबीत चालण्यासाठी निदान दोन फूट सलग वाट ठेवावी, आणि सामान एकाच भिंतीला लावावे. दोन्ही भिंतींना थोडे थोडे लावण्याचा मोह होतो. त्याने बोळ नागमोडी होतो आणि अंधारात खांदे आपटतात.

जोडे जमिनीवर सरळ ठेवले तर फूटभर खोली खातात. तेच तिरप्या फळ्यांवर, टाचा वर व चवडे खाली असे ठेवले, तर आठ-नऊ इंचांत मावतात. या मांडणीची वरची फळी जाड घ्यावी, म्हणजे तिच्यावर बसून कारखान्याच्या जड बुटांचे बंद बांधता येतात. उभ्याने एका पायावर तोल सांभाळीत बूट चढविणे ही कसरत पहाटे साडेपाचला कोणालाही नको असते.

फळीच्या वर खुंट्यांच्या दोन ओळी असाव्यात. खालची ओळ मुलांच्या हाताला येईल अशी, वरची मोठ्यांची. टोपी, ओळखपत्र, किल्ली यांना ठरलेली खुंटी असली की शोधाशोध नाही, आवाज नाही आणि आतला दिवाही लावावा लागत नाही. बोळातच एक मंद दिवा हवा. त्याचे बटण दारातून हात घातला की सापडावे. सायकल आत घेणे भागच असेल, तर भिंतीला तीन फूट उंचीपर्यंत तैलरंगाचा पट्टा द्यावा. चुन्याची भिंत हँडलच्या घासण्याने महिन्याभरात काळी पडते. आरशाची हौस पुष्कळांना असते. तो लावण्यास हरकत नाही, पण चालत्या वाटेवर पुढे आलेली चौकट नको.

दारात काथ्याचे पायपुसणे उन्हाळ्यात तांबडी धूळ अडविते आणि पावसाळ्यात भिजून जड होते. तेव्हा ते उचलून पत्र्याचे तबक ठेवावे, छत्र्या व रेनकोट त्यात निथळतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो. त्या दिवसांत बोळाच्या आतल्या टोकाला पाण्याचा माठ असावा. दुपारी पाळी संपवून आलेला माणूस स्वयंपाकघरापर्यंत न जाता पाणी पितो, आणि टपालवाल्यालाही देता येते.

शोभेचा प्रश्न उरतो. दारावर आंब्याचे तोरण आपण बांधतोच. छत्तीसगढात नवे भात आले की लोंब्यांची विणलेली झालर पाखरांसाठी दाराशी टांगतात. मराठी घरांनीही ती अवश्य लावावी, मात्र चौकटीच्या बाहेरच्या अंगाला. आत लावली तर दाणे बोळात सांडतात, त्यांच्यामागे चिमण्या येतात, आणि रात्रपाळीचा माणूस नुकताच निजलेला असतो.