अजिंठ्याचा मुक्काम

अजिंठ्याला जायचं ठरलं की पहिला वाद मुक्कामाचा. आमच्या घरात तो जवळजवळ तीन आठवडे चालला. धाकट्याचं म्हणणं, छत्रपती संभाजीनगरला उतरा, चांगलं हॉटेल घ्या, सकाळी गाडी करून जा आणि संध्याकाळी परत या. सूनबाईंचं माहेर भुसावळचं, त्यांनी जळगाव सुचवलं. आणि आमची ही म्हणाली, "अहो, लेण्यांच्या पायथ्याशीच का राहू नये?" यावर सगळे हसले. तिथे आहे काय रहायला?

आता सगळ्यांचीच बाजू थोडी थोडी खरी होती. संभाजीनगर ते अजिंठा म्हणजे साधारण शंभर किलोमीटर. तिथे राहिलं की वेरूळ, दौलताबाद, बीबी का मकबरा हे सगळं हाताशी येतं. वेरूळ तर शहरापासून तीसेक किलोमीटरवर, त्यामुळे वेरूळसाठी शहरात राहण्याला माझी काहीच हरकत नाही. पण अजिंठ्यासाठी जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर, त्यात सिल्लोडच्या पुढे घाट. जळगावहून अंतर साठ किलोमीटरच्या आसपास, आणि आमच्यासारख्या भिवंडी तालुक्यातल्या माणसाला कल्याणहून जळगावची गाडी सरळ मिळते, मनमाडला बदलावी लागत नाही. बाहेरगावचे लोक मात्र संभाजीनगरच का धरतात याचं कारण सोपं आहे. तिथे विमानतळ आहे, हॉटेलं आहेत आणि एका खेपेत दोन्ही लेणी "होतात". लेणी होतात! हा शब्दप्रयोग मला कधीच आवडला नाही. परीक्षा होते, बारसं होतं. लेणी कशी होतील?

इथे एक गोष्ट सांगायला हवी. हिच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याच्या मधल्या भागाला आजार आहे. मोतीबिंदूसारखा काढून टाकता येईल असा नाही. समोरचं मधोमध धूसर होत जातं, कडेचं दिसत राहतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हे हळूहळू वाढणार, आणि उजेडातून अंधारात गेल्यावर नजर बसायला आता पुष्कळ वेळ लागेल. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर ही बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पद्मपाणी बघायचाय." तिनेही शाळेत शिकवलं आहे, चित्रकला आणि भूगोल. पाठ्यपुस्तकातला तो पेटीएवढा काळपट छाप दाखवून "मुलांनो, हा निळं कमळ धरून उभा आहे" असं किती वर्षं सांगितलं असेल. निळं तिने स्वतः कधी पाहिलं नव्हतं.

म्हणजे आमच्यापुढचा प्रश्न हॉटेल चांगलं की वाईट हा नव्हताच. लेणी उघडतात सकाळी नऊला. (सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ. हे लिहून ठेवा, घरचे विसरतात.) शहरातून निघालेल्या गाड्या अकराच्या सुमारास पोहोचायला लागतात, कारण नाश्ता, पेट्रोल, घाट हे सगळं करून तेवढा वेळ जातोच. मग पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात झुंबड उडते. रंग जपायचे म्हणून आत दिवे अगदी मंद, फ्लॅशला बंदी. माणसं बाहेरच्या लख्ख उन्हातून आत येतात, काही दिसत नाही म्हणतात, मोबाईल उंच धरतात आणि निघतात. डोळस माणसालाही तिथे पाच-सात मिनिटं थांबावं लागतं, तेव्हा कुठे भिंत बोलायला लागते. हिला वीस-पंचवीस लागणार. रांगेत मागचा माणूस ढकलत असताना हे कसं जमायचं? आणि एका दिवसात जमलं नाही तर पुन्हा शंभर किलोमीटर कोण येणार? मी धाकट्याला एवढंच सांगितलं की आईचे डोळे घड्याळावर चालत नाहीत. तो गप्प झाला. मग त्यानेच फोन करून फर्दापूरला दोन रात्रींची खोली ठरवली.

माझ्या बाजूने आणखी एक कारण होतं, ते घरात बोललो नाही, इथे लिहितो. मी अशाच एका ठिकाणाजवळ जन्म काढला आहे. दिघाशीहून वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोलीची गरम पाण्याची कुंडं ही आमची रोजची. चिमाजी अप्पांनी वसई १७३९ मध्ये घेतली, त्या नवसाचं वज्रेश्वरीचं देऊळ. रविवारी मुंबई-ठाण्याच्या गाड्यांची रांग लागते. कुंडात बुडी, देवळात दर्शन, वडापाव, आणि अंधार पडायच्या आत परत. त्यांची काही चूक आहे असं मी म्हणत नाही, घर दोन तासांवर असताना कोण राहील? पण तानसा नदी संध्याकाळी कशी दिसते हे त्यांना कळत नाही, आणि आम्हाला त्यांच्याकडून उरतात त्या पाण्याच्या बाटल्या. ज्या गावात पाहुणा रात्री झोपतो, त्या गावाशी त्याची दोन शब्दांची तरी ओळख होते. निदान दूध कुठे मिळतं ते तरी कळतं.

असो. जळगावहून एस.टी.ने गेलो. मी पंचाहत्तरी ओलांडलेली, म्हणून २०२२ पासून मला तिकीट नाही, आणि २०२३ पासून बायकांना अर्धं. मी फुकटा आणि ही अर्धी, असा आमचा संसार पहूरमार्गे फर्दापूरला उतरला. खोली साधी होती. गरम पाणी सकाळी बादलीने आणून देत. जेवणात ज्वारीची भाकरी, शेवभाजी आणि भरलेल्या मिरच्या. तांदळाच्या भाकरीवर वाढलेल्या माझ्या पोटाने पहिल्या दिवशी थोडी कुरकुर केली, दुसऱ्या दिवशी मागून घेतलं. ज्यांना स्वच्छ चादरी आणि लिफ्ट लागते त्यांनी खरंच शहरात रहावं, मी आग्रह करणार नाही.

फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी सोडावी लागते, पुढचे चारेक किलोमीटर तिथल्या बसने. आम्ही पहिल्याच बसला होतो. वर पायऱ्या आहेत, गुडघ्यांचा विचार करून डोली केली. चार माणसांनी उचलल्यावर ही लाजून म्हणाली, "लग्नातसुद्धा एवढा थाट नव्हता."

पहिल्या लेण्यात त्या वेळी आम्ही, रखवालदार आणि एक जपानी जोडपं एवढेच. गाभाऱ्याच्या दाराच्या डावीकडे पद्मपाणी, उजवीकडे वज्रपाणी. ही खाली बसली. दहा मिनिटं झाली, काही नाही. "नुसता डाग दिसतोय," म्हणाली. मी तिला हात धरून पुढे नेणार होतो, रखवालदाराने खुणेने थांबवलं, बसू द्या म्हणाला. मग थोड्या वेळाने तिने मान जरा वळवली, जणू दाराकडे बघतेय, आणि तशीच थांबली. मधोमध बघितलं की तो नाहीसा होत होता, बाजूला बघितलं की येत होता. "मुकुट दिसला," म्हणाली. मग भुवई, मग खांदा. तोपर्यंत बाहेर पहिला मोठा गट आल्याचा आवाज यायला लागला होता. कमळ त्या दिवशी दिसलं नाही.

बाकीचा दिवस मी एकट्याने काढला, तिला सव्वीस क्रमांकातल्या पहुडलेल्या बुद्धापाशी बसवून. तो दगडाचा आणि सात मीटरच्या आसपास लांब, तिथे नजरेला एवढे कष्ट पडत नाहीत. मी दहाव्या लेण्यातली जॉन स्मिथची सही शोधली. हा इंग्रज अधिकारी १८१९ च्या एप्रिलमध्ये शिकारीला आला आणि खांबावर नाव कोरून गेला. सहलीच्या मुलांना "भिंतीवर नावं लिहू नका" म्हणून आयुष्यभर दटावलं, आणि या गृहस्थाची सही मात्र इतिहासात! आता ती आपल्या डोक्याच्या बरीच वर आहे, कारण त्या काळी आत मातीचा ढीग होता आणि तो त्यावर उभा होता.

त्यापेक्षा मला रॉबर्ट गिल जवळचा वाटतो. १८४४ मध्ये त्याला या चित्रांच्या नकला करायला नेमलं. तो वर अजिंठा गावात राहिला, वर्षानुवर्षं राहिला. त्याच्या बहुतेक नकला लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत जळाल्या. माणूस पुन्हा कामाला लागला आणि १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे, सूनबाईंना हे ठाऊकच नव्हतं. पळसखेड्याचे ना. धों. महानोर त्याच परिसरातले, त्यांनी गिल आणि पारोवर 'अजिंठा' लिहिलं ते उगाच नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिली बस. या वेळी तिला कुठे बसायचं, मान किती वळवायची हे माहीत होतं. मी काहीच बोललो नाही. अर्ध्या तासाने तिने बोटाने हवेत एक छोटा बाक काढला, जसा फळ्यावर काढायची, आणि म्हणाली, "देठ असा आहे. पण अहो, निळं काही नाही हो, फिकट झालंय." मग परत बघत बसली. रखवालदाराने आदल्या दिवसाच्या ओळखीवर आम्हाला पहिला गट आत येऊन जाईपर्यंत कोपऱ्यात राहू दिलं, आणि दुसराही.

दुपारी खोली सोडून जळगावची एस.टी. धरली. आता वेरूळचं चाललंय, मार्चच्या आत. त्यासाठी संभाजीनगरला राहू, धाकट्याच्या हॉटेलात.