मेल्यानंतरचा एक सेकंद

व्हिडिओ गेम चांगला की वाईट, हे ठरवायची माझी कसोटी एका ओळीत सांगता येते. मी मेल्यानंतरच्या पहिल्या सेकंदात गेम माझ्याशी काय बोलतो, ते बघायचं. ग्राफिक्स, कथा, संगीत, स्टोअरवरचे स्टार हे सगळं त्यानंतर.

कसोटी जरा विचित्र आहे, मान्य. पण मी जे गेम्स खेळतो त्यांना ती बरोबर लागू पडते. हे इंडी गेम्स. एकट्यानं किंवा पाच-दहा जणांनी, मोठ्या कंपनीच्या पैशाशिवाय बनवलेले. आर्केड, पझल, अ‍ॅक्शन. त्यात आपण बहुतेक वेळ मरतच असतो. एका संध्याकाळी शंभरदा मरणं ही काही विशेष गोष्ट नाही. मग जी गोष्ट शंभरदा घडते, तिच्यावरूनच निकाल लावायला नको का?

आणि दुसरं कारण माझ्या पोटापाण्याशी जोडलेलं आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कोड लिहिणं हे त्यातलं थोडं काम. उरलेला वेळ काहीतरी का बंद पडलं हे शोधण्यात जातो. या धंद्यात एरर मेसेजवरून कोड लिहिणाऱ्याची लायकी कळते. चांगला एरर मेसेज सांगतो की अमुक फाइलच्या अमुक ओळीत तमुक गोष्ट सापडली नाही. वाईट एरर मेसेज म्हणतो, 'समथिंग वेंट राँग'. अरे बाबा, ते मलाही दिसतंय.

गेममधलं मरण म्हणजे गेमचा एरर मेसेज. तेवढंच धरून मी निकाल लावतो. कामावरून घरी आल्यावर, जेवण आणि झोप यांच्या मधे माझ्याकडे चाळीस-पन्नास मिनिटं असतात. ती कुणाला द्यायची, हा माझ्यासाठी खरा प्रश्न आहे.

सुपर हेक्सागॉन

टेरी कॅव्हना या आयरिश माणसानं २०१२ साली काढलेला गेम. मधोमध एक षटकोन, त्याच्या कडेनं फिरणारा इवलासा त्रिकोण. तो त्रिकोण म्हणजे तुम्ही. सगळ्या बाजूंनी भिंती आत सरकत येतात आणि तुम्ही फटीतून निसटायचं. डावीकडे फिरा, उजवीकडे फिरा, एवढंच हातात. सर्वांत सोप्या लेव्हलवर लिहिलंय 'हार्ड'. लेव्हल जिंकायला ६० सेकंद टिकायचं, बस.

पहिल्यांदा खेळाल तेव्हा पाच-सहा सेकंदांत मराल. एका बाईचा थंड आवाज येतो, 'गेम ओव्हर'. तुम्ही स्क्रीनला बोट लावता, ती म्हणते 'अगेन', आणि भिंती परत निघालेल्या असतात. मधे मेनू नाही, लोडिंग नाही, 'खात्री आहे का?' नाही. चिपझेलचं संगीत तर तुम्हाला विचार करायलाच देत नाही.

पण नुसत्या वेगाला मी मार्क देत नाही. जुगाराचं मशीनही दुसरा डाव लगेच देतं. फरक असा की सुपर हेक्सागॉनमध्ये भिंतींचे नमुने ठरलेले आहेत, फक्त त्यांचा क्रम बदलतो. विसाव्या मरणानंतर तुम्ही नमुना ओळखायला लागता: हा सर्पिल आहे, याला एकाच दिशेनं फिरत राहायचं. म्हणजे मरणानं काहीतरी शिकवलं. साठ सेकंद पूर्ण झाले तेव्हा माझं नशीब फळफळलं नव्हतं, माझे डोळे बदलले होते. निकाल: पास, पहिल्या श्रेणीत. फक्त झोपायच्या आधी खेळू नका, डोळे मिटले तरी षटकोन फिरत राहतो.

डाऊनवेल

ओजिरो फुमोतो टोकियोत ऑपेरा गाण्याचं शिक्षण घेत होता. तिथून तो गेम्सकडे वळला आणि २०१५ मध्ये डाऊनवेल आला. एक माणूस विहिरीत खाली खाली पडतोय आणि त्याच्या बुटांतून गोळ्या सुटतात. या बुटांत सगळा गेम आहे. गोळी शत्रूला मारते, दगड फोडते आणि धक्क्यानं तुमचा पडण्याचा वेगही कमी करते. गोळ्या संपल्या की पाय टेकवायचे, त्या परत भरतात. पण जमिनीला पाय लागले की कॉम्बो तुटतो. शत्रूच्या डोक्यावर उडी मारली तर गोळ्याही भरतात आणि कॉम्बोही टिकतो. फक्त लाल शत्रूवर उडी मारायची नाही, त्यानं तुम्हालाच लागतं.

एका बटणातून इतके निर्णय निघतात, की प्रत्येक मरणाला माझ्या एका ठरावीक हावेचं नाव देता येतं. कॉम्बो वाढवायला गेलो. हिऱ्यांच्या मागे गेलो. गोळ्या मोजल्या नाहीत. एरर मेसेज इतका नेमका की चरफडत का होईना, पटतो.

मे महिन्यात माझा मामेभाऊ साताऱ्याहून आला होता. आठवीत आहे. माझ्या फोनवर डाऊनवेल खेळला, मेला, आणि फोन हातात धरून नुसता बसला.

"दादा, आता किती वेळ थांबायचं?"

"थांबायचं कशाला? परत खेळ."

"लाइफ संपली ना. अ‍ॅड बघायची का?"

"अ‍ॅड नाहीये यात."

"मग पैसे?"

"ते मी विकत घेताना दिलेत, एकदाच."

त्यानं माझ्याकडे संशयानं बघितलं. "मग आपण मेल्यावर यांना काय मिळतं?"

हसण्यासारखं होतं, पण मला हसू आलं नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलानं आजवर जे गेम्स खेळले, त्यात हरणं म्हणजे दुकानात शिरणं. पाच लाइफ संपल्या की अर्धा तास थांबा, नाहीतर जाहिरात बघा, नाहीतर हिरे विकत घ्या. त्या गेमला तुम्ही सुधारायला नकोच असता. तुम्ही बरोबर तेवढे हरायला हवे असता, की चिडाल पण अ‍ॅप काढून टाकणार नाही. दुसऱ्या दिवशी किती जण परत आले, सातव्या दिवशी किती, असे डॅशबोर्ड मी माझ्या कामात रोज बघतो. आकडे वाईट नसतात. पण त्यांना हे कळत नाही, की माणूस आवडीनं परत आला की अडकला म्हणून. मामेभावाला हे भाषण दिलं नाही. तो दुपारभर विहिरीत पडत होता. डाऊनवेलचा निकाल त्या दुपारीच लागला.

सेलेस्ट

२०१८ चा गेम. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी चार दिवसांत बनवलेल्या एका इवल्याशा गेममधून हा मोठा झाला. मॅडलिन नावाची मुलगी डोंगर चढते आहे. बाहेर वारा, आत धडकी. गेम अवघड आहे, पण प्रत्येक खोली छोटी आहे आणि मेल्यावर तुम्ही त्याच खोलीच्या तोंडाशी येता, लगेच.

या गेममधली मॅडलिन जिच्यावर चालते ती कोडची फाइल थॉर्सन यांनी सगळ्यांसाठी खुली केली. मी ती वाचली आहे, एखादा माणूस दुसऱ्याच्या घरचं स्वयंपाकघर बघतो तशी. त्यात एक आकडा आहे: ०.१ सेकंद. कड्यावरून पाय सुटल्यानंतरही एवढा वेळ गेम तुमची उडी मान्य करतो. तुम्हाला वाटतं, अगदी टोकावरून उडी मारली. खरं तर तुम्ही आधीच पडायला लागला होतात आणि कुणीतरी काही न बोलता हात दिला. कडक शिक्षकानं ३४ चे ३५ करावेत, तसं.

शिवाय असिस्ट मोड आहे. गेमचा वेग कमी करा, न मरण्याची सोय घ्या, हवं ते घ्या. त्याबद्दल कुणी हिणवत नाही. 'मग त्यात काय मजा' म्हणणारे भेटतात. माझ्या एका मैत्रिणीच्या मनगटाचं दुखणं आहे, ती ८० टक्के वेगावर शिखरावर पोचली. तिला विचारा काय मजा ते. निकाल: पास. आणि फोनवर पहिल्यांदाच गेम खेळणाऱ्याला मी हाच सांगितला असता, पण हा कन्सोल किंवा कॉम्प्युटरवर खेळायचा आहे.

बाबा इज यू

आधी नावाचं. मराठी घरात हा गेम खेळायचा तर मागून वडील स्क्रीन वाचतात आणि विचारतात, "मी काय केलं आता?" त्यांना सांगावं लागतं, की बाबा हा एक पांढरा सशासारखा प्राणी आहे आणि फिनलंडच्या आर्वी तेइकारी यांनी हा गेम २०१९ मध्ये काढलाय.

इथे गेमचे नियमच स्क्रीनवर शब्दांच्या ठोकळ्यांत मांडलेले असतात. 'वॉल इज स्टॉप' असेल तर भिंत अडवते. ठोकळा ढकलून वाक्य मोडा, भिंत असून नसल्यासारखी. 'बाबा इज यू' हे वाक्यच मोडलंत तर? मग तुम्ही कुणीच नाही. संगीत थांबतं. कुणी ओरडत नाही, 'गेम ओव्हर' येत नाही, बटण दाबलं तर काहीच हलत नाही. इतकी शांत मरणाची व्याख्या मी दुसऱ्या गेममध्ये पाहिली नाही. आणि मग अनडू. एक पाऊल मागे, दहा पावलं मागे, अगदी सुरुवातीपर्यंत. हव्या तितक्या वेळा.

दोनशेहून जास्त कोडी आहेत आणि काहींवर मी आठवडा घालवला. तक्रार एकच: अडलात तर इशारा मिळत नाही, आणि सोप्याच्या शेजारी अचानक राक्षस उभा असतो. तरी निकाल: पास, बहुधा या यादीत पहिला.

व्हँपायर सर्व्हायव्हर्स

इथे माझी कसोटी डळमळते. लुका गलांते या इटालियन माणसाचा हा गेम. २०२३ मध्ये बाफ्टाचा सर्वोत्तम गेमचा पुरस्कार त्यानं 'एल्डन रिंग' आणि 'गॉड ऑफ वॉर रॅग्नरॉक'सारख्या अगडबंब गेम्सना मागे टाकून घेतला. तुम्ही फक्त चालायचं, शस्त्रं आपोआप चालतात, शेकडो राक्षस अंगावर येतात. तीस मिनिटं टिकलात की यमदूत स्वतः येतो.

गलांते आधी जुगाराच्या गेम्सच्या क्षेत्रात काम करायचा, आणि ते दिसतं. पेटी उघडली की दिवे, नाणी, सूर. मेलात तरी साठलेलं सोनं राहतं, त्यातून पुढच्या वेळी जास्त ताकद. म्हणजे मी सुधारलो की माझा आकडा वाढला, हे कळत नाही. पण इथे कॅसिनोतली युक्ती तुमच्या खिशाला हात लावत नाही, हेही खरं. निकाल: एटीकेटी. मजा शंभर टक्के, पण मरणानं काय शिकवलं विचाराल तर उत्तरपत्रिका कोरी.

राजी

आणि हा घरचा पेपर. 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' २०२० मध्ये आला, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओकडून. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी नामांकन मिळालं. राजी आपल्या भावाला, गोलूला शोधायला निघते. दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट आपापसांत बोलत सांगतात. कथेचे प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांतून येतात. पहिल्या किल्ल्याच्या गच्चीवरून खाली बघताना माझ्या अंगावर काटा आला होता. त्रिशूळ घेऊन भिंतीवर धावणारी मुलगी मी आधी कुठल्या गेममध्ये बघितली होती?

मी मित्रांच्या ग्रुपवर प्रत्येक गेमचा चार ओळींचा निकाल टाकतो. राजीच्या वेळी एकानं आधीच बजावलं, "आपल्या लोकांनी केलाय, जरा सांभाळून."

मी तीच कसोटी लावली. राजी मरते तेव्हा बऱ्याचदा मला कळत नाही का मेली. कॅमेरा लांब असतो, गर्दीत कुणाचा वार लागला ते दिसत नाही, वार केल्याचं वजन हाताला जाणवत नाही. मग परत त्याच झुंडीसमोर, काही नवीन न शिकता. डोळ्यांना पैकीच्या पैकी, लढाईला काठावर पास. ग्रुपवर हेच लिहिलं.

सांभाळून लिहायचं म्हणजे काय लिहायचं होतं? 'स्तुत्य प्रयत्न'? ते म्हणजे 'समथिंग वेंट राँग'लाच हार घालणं. ज्यांनी काही वर्षं घालून गेम बनवला, त्यांना ते वाचून काय दुरुस्त करता येणार? मी कामावर कुणाचा कोड तपासतो तेव्हा ओळ क्रमांकासकट लिहितो, कारण समोरचा सुधारू शकतो हे मला मान्य असतं. निकाल लावणाऱ्यानंही तेवढा मान द्यायला हवा. कॅमेरा इथे चुकतो, वार इथे हलका पडतो, पण ती गच्ची कुणीही बदलू नका.

मामेभाऊ दिवाळीत परत येणार आहे. त्याच्यासाठी कॉम्प्युटरवर राजी उतरवून ठेवलाय. मी माझा निकाल त्याला आधी सांगणार नाही. पहिल्यांदा मेल्यावर तो काय म्हणतो, ते मला ऐकायचंय.