पिकअपचा 'पिकअप'!

मित्रांनो, एक गंमत पाहा. मागे उघडा हौदा असलेली, माल वाहणारी छोटी गाडी असते ना, तिला आपण म्हणतो 'पिकअप'. आणि एखादी गाडी चटकन वेग घेत नसेल, तर आपण म्हणतो, "काय राव, ह्या गाडीला पिकअपच नाही!" म्हणजे गाडीचं नावही पिकअप आणि तिच्या अंगातला गुणही पिकअप! पुस्तकात या गुणाला 'त्वरण' म्हणतात. वेग किती आहे यापेक्षा तो किती झटपट वाढतो, हे त्वरण सांगतं.

आता हे त्वरण फळ्यावर शिकायचं की रस्त्यावर? आपण रस्त्यावरच शिकू. चला तर मग, बीड जिल्ह्यात!

बीड जिल्ह्याचा नकाशा समोर धरा. वर उत्तरेला गोदावरी. तिच्या काठचे गेवराई, माजलगाव हे तालुके सखल आहेत. खाली दक्षिणेला बालाघाटचा डोंगर. त्याच्या माथ्यावर पाटोदा, केज, अंबाजोगाई. म्हणजे हा जिल्हा एखाद्या दोन पायऱ्यांच्या ओट्यासारखा आहे! खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर जायचं, तर मध्ये घाट चढावाच लागतो. धारूरचा घाट त्यातलाच आणि मांजरसुंब्याचा घाटही त्यातलाच.

या जिल्ह्यात गाड्यांना एवढं महत्त्व का, ठाऊक आहे? परळीला रेल्वे पूर्वीपासून होती; पण खुद्द बीड शहरातून अहिल्यानगरकडे पहिली गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी! तोपर्यंत बीडचं धान्य, कापूस, फळं, सिमेंट, सगळं काही रस्त्यानंच जायचं-यायचं. अजूनही गावोगावचा माल रस्त्यानंच जातो.

आपल्या पिकअपमध्ये सिमेंटच्या २६ गोण्या भरल्यात. एक गोणी ५० किलोची, म्हणजे झाले १३०० किलो. रिकामी गाडी साधारण १७०० किलोची धरा. एकूण ३००० किलो. तुम्ही पुढे चालककाकांच्या शेजारी बसा. पट्टा लावा बरं का! निघालो.

बिंदुसरा नदीचं बीड मागे पडतं. सोलापूरकडे जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग. पालीजवळ बिंदुसरा धरण लागतं. पाऊस चांगला झाला की त्याच्या सांडव्यावरून पाण्याची पांढरीशुभ्र चादर वाहते आणि ती पाहायला गर्दी लोटते. पुढे डोंगर जवळ येऊ लागतात. रस्ता वर चढू लागतो आणि काका गियर खाली आणतात. इंजिनाचा आवाज बदलला, ऐकलात?

का बरं गियर बदलला? तुमच्यापैकी कुणाकडे गियरची सायकल असेल तर उत्तर पटकन येईल. खालच्या गियरमध्ये पायडल भराभर फिरतं, सायकल हळू जाते, पण चढ सोपा होतो. गाडीचंही तसंच. इंजिन जास्त फेरे घेतं, चाक कमी फिरतं. पण चाकाला मिळणारा पीळ वाढतो. ह्या फिरवणाऱ्या ताकदीला मेकॅनिक लोक 'टॉर्क' म्हणतात. घट्ट बसलेला नट आखूड पान्यानं हलत नाही, लांब पान्यानं मात्र सहज फिरतो. तोच हा टॉर्क.

आता एक गणित. घाबरू नका, तोंडी जमेल! एका सेकंदात ७५ किलो वजन १ मीटर उचलायला जी शक्ती लागते, ती एक अश्वशक्ती. समजा, घाटात २० मीटर पुढे गेलं की रस्ता १ मीटर वर चढतो. आपली गाडी ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर जातेय. मग दर सेकंदाला ती अर्धा मीटर वर चढते. ३००० किलो गुणिले अर्धा, झाले १५००. भागिले ७५. उत्तर २०! म्हणजे केवळ चढण्यासाठी वीस घोडे जुंपले. वारा, चाकांचं घर्षण यांचा हिशेब वेगळाच. हाच चढ ताशी ७२ च्या वेगानं चढायचा तर ४० घोडे हवेत.

आणि कुणी दुप्पट गोण्या भरल्या तर? गाडी होईल ४३०० किलोची. ताशी ३६ च्या वेगालाच २९ घोडे लागतील. इंजिन तेच, ओझं मात्र दीडपट. मग पिकअपचा पिकअप कुठून येणार?

"मग इंजिनच मोठं करा की!" असं तुम्ही म्हणाल. इंजिनाची ताकद वाढवायचा एक मार्ग तोच आहे. पण दुसरा मार्ग अधिक गमतीचा आहे. इंजिनात डिझेल जळतं, आणि जळायला हवा लागते. जास्त हवा कोंबली तर जास्त डिझेल नीट जळेल, जास्त ताकद मिळेल. पण हवा कोंबायची कुणी? १९०५ साली आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं यावर एक झकास युक्ती शोधली. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर वायाच जातो ना? त्याच्यावर एक छोटं चक्र फिरवायचं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला पंखा. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो. हाच 'टर्बो'! लहानसा दिसतो, पण मिनिटाला लाखभर फेरे घेऊ शकतो. दाबलेली हवा तापते (सायकलच्या पंपाला हात लावून पाहा), आणि तापलेली हवा जागा जास्त खाते. म्हणून तिला थंड करायला इंटरकूलर बसवतात. आज आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक डिझेल पिकअपमध्ये ही जोडी असते.

पिकअपशी आपल्या महाराष्ट्राचं नातंही जवळचं आहे. टाटांची 'टाटामोबाईल' ही पिकअप १९८८ साली पुण्यात तयार झाली. पुढे २००५ मध्ये 'टाटा एस' आली. तिलाच लोक लाडानं 'छोटा हत्ती' म्हणतात. दोनच सिलिंडर, अवघी १६ अश्वशक्ती! पण तिनं खेड्यापाड्यांतला भाजीपाला बाजारात नेला.

आता जरा अमेरिकेत डोकावू. तिथे लोकांना पिकअपच्या शर्यतींचं वेड. १९९१ साली 'जीएमसी सायक्लोन' नावाची टर्बोवाली पिकअप निघाली. २८० अश्वशक्ती! एका मोटारींच्या मासिकानं तिची पाव मैलाची शर्यत चक्क फेरारीशी लावली, आणि पिकअप जिंकली! २००४ मध्ये दहा सिलिंडरच्या, ५०० अश्वशक्तीच्या 'डॉज रॅम' पिकअपनं ताशी २४८ किलोमीटरचा वेग गाठला. हल्लीची विजेवरची 'हमर' तर चार टनांची असूनही साधारण तीन सेकंदांत ताशी ० ते ९६ चा वेग घेते. विजेच्या मोटारीला पहिल्या क्षणापासून पूर्ण टॉर्क मिळतो ना, म्हणून.

पण थांबा! फेरारीला हरवणाऱ्या त्या सायक्लोनमध्ये माल किती भरता यायचा, सांगा पाहू? जेमतेम २२७ किलो! आपल्या सिमेंटच्या साडेचार गोण्या. मांजरसुंब्याच्या घाटात तिला जुंपली असती तर शेतकऱ्यानं हातच जोडले असते. वेग आणि ओझं दोन्ही हवं म्हटलं की गाडी महाग, जड आणि गुंतागुंतीची होते. इंजिनिअर नेहमी विचारतो, "गाडी कशासाठी हवी?"

हे बोलेपर्यंत आलं मांजरसुंबा! इथून एक रस्ता पाटोद्याकडे, एक नेकनूर-केजकडे, तर महामार्ग सरळ चौसाळ्याकडे जातो. जवळच कपिलधारचा धबधबा आणि मन्मथस्वामींची समाधी आहे. गोण्या उतरवू, चहा घेऊ आणि परतीचा माल भरू. कोणता माल? बालाघाटचं सीताफळ! बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण हे फळ मोठं नाजूक. तोडलं की तीन-चार दिवसांत मऊ पडतं. आज सकाळी तोडलेलं उद्या पहाटे बाजारात पोचलं तर भाव. उशीर झाला तर कॅरेटच्या कॅरेट मातीमोल. शेतकऱ्याचा जीव घड्याळात अडकलेला असतो. म्हणून तर गाडीवाल्याला वाटतं, अजून थोडा पिकअप मिळाला तर?

मग कुणीतरी सुचवतं, "इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये बदल कर, डिझेल जास्त सोड. चार पाटे वाढव, दोन टन जास्त भर." ऐकायला सोपं वाटतं. पण कंपनीनं इंजिन ठरवताना क्लच, गियरपेटी, रेडिएटर आणि ब्रेक, सगळ्यांचं माप एकमेकांशी जुळवलेलं असतं. पुण्याच्या 'एआरएआय'सारख्या संस्थांत नव्या गाड्यांची कसून चाचणी होते. इंजिनाची ताकद वाढवली, पण ब्रेक तेच राहिले, तर? शिवाय काळा धूर निघतो, तो वेगळाच. मूळ नोंदणीत नसलेले असे फेरफार मोटार वाहन कायद्यालाही मंजूर नाहीत.

याचं कारण उतारावर कळतं. आपली ३००० किलोची गाडी २०० मीटर खाली उतरली असं धरा. चढताना साठवलेली सगळी ऊर्जा आता बाहेर पडणार. किती? एक मोठी बादलीभर, सतरा-अठरा लिटर पाणी उकळेल एवढी! सारखा ब्रेक दाबत राहिलं तर ही उष्णता ब्रेकमध्ये शिरते. ते तापतात आणि ऐनवेळी नीट लागत नाहीत. म्हणून जुने चालक सांगतात, "ज्या गियरमध्ये घाट चढलास, त्याच गियरमध्ये उतर." खालच्या गियरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं आणि ब्रेकला विसावा मिळतो. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणं म्हणजे हा धरणारा हातच सोडून देणं. आणखी एक लक्षात ठेवा: वेग दुप्पट केला, की ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. दुप्पट नव्हे, चौपट!

दसरा-दिवाळीनंतर याच जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांची हजारो कुटुंबं साखर कारखान्यांकडे निघतात. संसाराच्या बोचक्यांवर, ट्रक-ट्रॅक्टरच्या हौद्यात, तुमच्याच वयाची मुलं बसलेली असतात. हौदा मालासाठी बनवलेला असतो. तिथे ना आसन, ना पट्टा. गाडीनं एकदम वेग घेतला की आपण मागे फेकले जातो आणि एकदम ब्रेक लागला की पुढे, हे तुम्ही 'जडत्व' या धड्यात वाचलंच असेल. त्या मुलांसाठी तो धडा परीक्षेपुरता नाही. अशा गाडीचं सगळ्यात मोठं कौशल्य कोणतं? हळूच वेग घेणं आणि हळूच थांबणं.

आता तुमच्यासाठी एक प्रयोग. पुढच्या प्रवासात पुढच्या सीटवर बसून, पट्टा लावून, सेकंदकाट्याचं घड्याळ हातात घ्या. गाडी उभी असल्यापासून ताशी ४० चा वेग घेईपर्यंत किती सेकंद लागले ते मोजा. चालकाला घाई करायला मात्र सांगायचं नाही! एकदा सपाट रस्त्यावर मोजा, एकदा चढावर. एकदा गाडी मोकळी असताना, एकदा घरातले सगळे आणि सामान भरल्यावर. चारही आकडे वहीत लिहा. फरक का पडला, हे आता तुम्हीच आईबाबांना समजावून सांगा.