आवाज आला, चित्र आले नाही

भंडारा रोड हे रेल्वेस्थानक ज्या गावात आहे, ते वरठी. बाहेरचे लोक त्याला स्थानकामुळे किंवा सनफ्लॅगच्या पोलाद कारखान्यामुळे ओळखतात. माझ्या लेखी ते दिवाळीनंतरच्या मंडईचे आणि दंडारीचे गाव. काही वर्षांपूर्वी तिथली एक दंडार मी कॅमेऱ्यात टिपली होती. तीत गाणारे काका आता हयात नाहीत.

गेल्या हिवाळ्यात ती विद्यार्थ्यांना दाखवायला बसलो. वर्गातल्या संगणकावर एक मुक्त प्रणाली होती, इंटरनेट नव्हते. वाद्ये वाजू लागली, काकांचा आवाज आला. पडदा काळाच राहिला.

यंत्र बिघडलेले नव्हते. चित्रे ‘एच.२६४’ या पद्धतीने आवळून साठवलेली होती. ती उलगडणाऱ्या मुक्त आज्ञावल्या आहेत, पण फेडोरासारख्या प्रणाली त्या मूळ संचात घालत नाहीत. आज्ञावलीच्या मजकुरावर प्रताधिकार तिच्या लेखकाचा. तीत वापरलेल्या युक्तीवर हक्क पेटंटधारकांचा. कवीने आपली संहिता उदारपणे वाटून टाकावी आणि वृत्ताचे भाडे मात्र तिसऱ्यानेच मागावे, असा हा प्रकार! जीपीएल परवान्याच्या १९९१ सालच्या दुसऱ्या आवृत्तीतले सातवे कलम याबाबत निष्ठुर आहे: पेटंटच्या अटींमुळे पुढच्या प्रत्येकाला विनामूल्य वाटता येत नसेल, तर मुळीच वाटू नका. सिस्कोने २०१३ साली तोडगा काढला. आज्ञावली खुली केली, शुल्कही स्वतः भरायचे ठरवले. पण ते आपण तयार केलेल्या आणि आपल्याकडूनच उतरवून घेतलेल्या प्रतीपुरते. ती पेनड्राइव्हवर घालून मी वाटू लागलो, की ते छत्र गेले.

आपल्या पेटंट कायद्याचे कलम ३(के) संगणक आज्ञावलीला ‘पर से’, म्हणजे निव्वळ आज्ञावली म्हणून, पेटंट देत नाही. २००४च्या अखेरीस एका वटहुकुमाने ही शब्दरचना सैल करून पाहिली. २००५च्या कायद्यात ती सैल रचना टिकली नाही. त्या दोन शब्दांच्या अर्थावरून वाद मात्र चालूच राहिले. (शब्दार्थावरून भांडणे ही केवळ आम्हा मराठीच्या मास्तरांची खोड नव्हे तर!) शिवाय जगभर जाणाऱ्या प्रणालीला एका देशाचा आडोसा कितीसा पुरणार?

काकांच्या मुलाला ती चित्रफीत हवी होती. २०१८ साली आलेल्या, विनाशुल्क वापरता येणाऱ्या ‘एव्ही१’ पद्धतीत तिचे रूपांतर केले. पण अशा रूपांतरात चित्र थोडे झिजते; रात्रीच्या उजेडातले चेहरे आणखी पुसट झाले. शेवटी दोन्ही प्रती त्याच्या हाती दिल्या. त्याने मूळचीच मोबाइलवर लावली. मोबाइलच्या किमतीत बहुधा ते शुल्क आधीच मोजलेले असते. काका दिसले, तेव्हा त्याने आवाज बंद केला आणि नुसता बघत राहिला.